चुकून दिलेली बन्नी

माणूस मारायची शपथ घेतलेला आणि बेडकाला घाबरणारा असा आमच्या घराण्यात मी एकटाच. बेडूक माझ्या नोकरीचा भाग होता. हुबळीला विद्यानगरातल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी असिस्टंट होतो. मुलांना कापायला बेडूक लागत. बरणीत बेडूक सोडायचा, क्लोरोफॉर्मचा बोळा टाकायचा, झाकण लावायचं, हलायचा थांबला की काढायचा. पहिल्याच दिवशी बेडूक थांबायच्या आत मी थांबलो. शुद्धीवर आलो तेव्हा सर मला वहीनं वारा घालत होते आणि बेडूक टेबलाखाली बसून आम्हा दोघांकडं बघत होता. त्यानंतर ते काम शिपाई करू लागला. मी बेडकांना पाणी घालायचो.

अशा माणसाच्या हातून एक खून व्हायचा होता. तो ठरलेला होता. भाऊबंदांनी ठरवला होता, मामानं ठरवला होता, आणि सगळे ठरवत असताना मी मान हलवली होती.

झालं होतं असं. माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, अळनावरजवळच्या आमच्या गावी शेतात मारला गेला. मारणारा परका नव्हता. वडिलांचा चुलतभाऊ, आम्ही त्याला काका म्हणायचो. त्याचं शेत आणि आमचं शेत, मध्ये बांध, बांधावर फणस. फणसाची एक फांदी काकाच्या भातावर सावली धरायची. काका ती तोडायला गेला, अण्णानं हात धरला, शब्दाला शब्द लागला, ओढाओढ झाली आणि कुऱ्हाडीची पाठ अण्णाच्या कानशिलावर बसली. पातं नव्हे, पाठ. बैलगाडी अळनावरला पोचायच्या आत अण्णा गेला. काका आपल्या पायांनी पोलिसांकडं चालत गेला. वाटेत कुणी विचारलं, कुठं निघालात, तर म्हणाला, पोराला मारलं मी. बोलणं एवढंच. त्याला काही वर्षांची शिक्षा झाली.

घरात उरलो तिघं. आई, वहिनी आणि मी. वडील आधीच गेले होते. वहिनीच्या लग्नाला वर्षसुद्धा पुरं झालं नव्हतं. त्या दिवशी सकाळी तिचं आणि अण्णाचं वाजलं होतं. भाकरीला उशीर झाला म्हणून की आमटी अळणी झाली म्हणून, असलंच काहीतरी. अण्णा भरल्या ताटावरून उठून उपाशीच शेताला गेला. मग गाडीतून आला तो तसा. वहिनी त्यानंतर येईल त्या माणसाला एकच विचारायची, "रागात होते काय हो ते?" कुणाला ठाऊक असणार? शेतात दोघंच होते. एक बोलत नव्हता, दुसरा तुरुंगात. भेटायला आलेल्या बायका तिला गप्प करायच्या. नको गं असलं विचारू, म्हणायच्या. पुढं तिनं विचारायचं सोडलं. आम्हाला वाटलं, विसरली.

आम्हाला पुष्कळ गोष्टी वाटायच्या.

शपथेचं सांगतो. तेराव्याला पुरुष मंडळी अंगणात बसली होती. मामा बोलत होता. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, अमरगोळच्या मार्केट यार्डात तोलार. जन्म तराजूजवळ गेल्यामुळं त्याच्या मिशासुद्धा दोन्ही बाजूंनी वजनाला सारख्या. तो म्हणाला, रक्ताचा हिशेब रक्तानंच मिटतो. सगळ्यांनी माना हलवल्या आणि सगळ्या माना हळूहळू माझ्याकडं वळल्या. भाऊ मीच उरलो होतो. काहीतरी बोलणं भाग होतं. दाढी राखतो म्हणावं तर दाढी धड येत नव्हती. भात सोडतो म्हणावं तर भात मला फार प्रिय. मी उठलो आणि मोठ्यानं म्हणालो, काकाला संपवल्याशिवाय पायात चप्पल घालणार नाही. लोक गहिवरले. मामानं मला मिठी मारली. खरं काय ते आज सांगायला हरकत नाही. मी नव्या चपला घेतल्या होत्या आणि त्या मला भयंकर चावत होत्या.

एका आठवड्यात टाच बरी झाली. शपथ मात्र राहिली.

गावचं शेत वाट्यानं देऊन आम्ही धारवाडला मळमड्डीत बिऱ्हाड केलं, पिठाच्या गिरणीच्या मागं. आई आणि वहिनी विद्यार्थ्यांच्या खानावळीला जोंधळ्याच्या भाकऱ्या करून द्यायच्या. सकाळपासून थापायचा आवाज. मी रोज बसनं हुबळीला जायचो. अनवाणी. उन्हाळ्यात डांबर असं तापायचं की बस स्टँडपासून कॉलेजपर्यंत मी चालायचो नाही, नाचायचो. पावसाळ्यात काळी माती पायाला अशी धरायची की प्रयोगशाळेत पोचेपर्यंत माझी उंची वाढलेली असायची. सरांनी विचारलं तर त्यांना मी काय सांगणार? म्हणालो, नवस आहे. कसला? म्हणालो, सांगितला तर फळत नाही.

ही गोष्ट मळमड्डीत पसरली. आमच्या शेजारी एक निवृत्त मामलेदार राहायचे. त्यांनी मला दत्तभक्त ठरवून टाकलं. त्यांची नात बारावीला होती. परीक्षेच्या सकाळी ते तिला घेऊन आले आणि मी काही म्हणायच्या आत तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी पुटपुटलो, बरं होवो. ती पास झाली, हे माझं दुर्दैव. पुढच्या मार्चमध्ये आमच्या दारात पोरींची रांग. आई आतून म्हणायची, "जा की, भाकऱ्या थापायच्या हातांना कोण विचारत नाही, तुझ्या चिखलाच्या पायांना मान आहे." ती हसायची, पण माझ्या पायांकडं बघायची नाही. एक मुलगा मातीत गेला होता, दुसरा जेलात जाण्यासाठी अनवाणी फिरत होता. तिच्या मनात काय चाललं असेल, ते तिच्या भाकरीवरून कळायचं. मामा येऊन गेला की त्या दिवशीच्या भाकऱ्या करपायच्या.

मामानं मला एक कोयता दिला होता. पाजवून, तेल लावून, धोतराच्या फडक्यात गुंडाळून. मी तो फळीवर ठेवला. आई त्यानं नारळ फोडायची. मामा एकदा आला तेव्हा ती नेमकी नारळ फोडत होती. मामाचं तोंड बघण्यासारखं झालं. ताई, म्हणाला, त्याला एका कामासाठी ठेवलाय. आई म्हणाली, मग ते काम होईपर्यंत गंजू द्यायचा काय?

काका सुटला त्याची बातमीही मामानंच आणली. सुटला, गावाकडं गेला नाही, लाजेनं म्हणा की भीतीनं, आणि अमरगोळला हमाली करतोय. म्हणजे मामाच्याच यार्डात. मामा त्याला रोज बघत होता. एकदा गडी कमी होते म्हणून त्याच्या पाठीवर पोतं चढवायला मामानं हातसुद्धा लावला होता.

"मग तिथंच का नाही केलंत?" मी विचारलं.

"मान भावाचा असतोय लेका," मामा म्हणाला. "मी मधी तोंड घालणं बरं दिसतंय काय?"

मी रजा काढली. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, घरगुती. पिशवीत कोयता, वर वर्तमानपत्र, त्याच्यावर आईनं दिलेला डबा, कारण कुठंही जा, आई डबा दिल्याशिवाय सोडायची नाही. कुठं निघालोय हे तिला सांगितलं नव्हतं. मला वाटतं तिला ठाऊक होतं. डब्यात तिनं गोड शिरा घातला होता. शिरा खाऊन माणूस कुणाला मारत नाही, असा तिचा हिशेब असावा.

अमरगोळला मिरचीचा हंगाम होता. लाल मिरचीचे डोंगर, आणि वारा सुटलेला. आवारात पाऊल टाकलं आणि पहिली शिंक आली. मग थांबेचना. नाक, डोळे, तोंड, सगळ्यातून पाणी. मी एका भिंतीला धरून उभा राहिलो. समोरून हमाल जात होते, पण मला सगळे लाल ढगासारखे दिसत होते. त्यात काका कुठला आणि पोतं कुठलं कळायला मार्ग नव्हता. एका म्हाताऱ्या हमालानं मला बघितलं. माणूस भिंत धरून रडतोय म्हटल्यावर त्यानं जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला.

"यारु होदरु, तम्मा?" म्हणाला. कोण गेलं रे, बाळा?

मी म्हणालो, "नम्म अण्णा." आमचा अण्णा.

आणि हे अगदी खरं होतं. एवढी वर्षं झाली, पण ते मी कुणालाच असं म्हणालो नव्हतो. सूड म्हणालो होतो, रक्त म्हणालो होतो, चप्पल म्हणालो होतो. आमचा अण्णा गेला, हे मी पहिल्यांदा अमरगोळला एका अनोळखी माणसाला सांगितलं आणि त्यानंतर डोळ्यांतून जे आलं ते मिरचीचं नव्हतं. हमालांनी मला बसवलं, चहा पाजला. मी शिऱ्याचा डबा उघडला, सगळ्यांनी मिळून खाल्ला. बसनं परत आलो. कोयता पिशवीत तसाच. दुसऱ्या दिवशी आईनं त्यानं नारळ फोडला.

आता बन्नीकडं येतो.

आमच्याकडं दसऱ्याला सोनं म्हणून शमीची पानं देतात, तिला बन्नी म्हणतात. धाकट्यानं थोरल्याच्या हातात बन्नी ठेवायची, पाया पडायचं आणि म्हणायचं, "बन्नी तगोंडु बंगारधंग इरोण." बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. घरी मराठी बोलणारे आम्हीसुद्धा हे कन्नडमध्येच म्हणतो. मराठीत म्हटलं तर देवीला ऐकू जाणार नाही असं वाटतं. आमच्या भाऊबंदांत नियम असा की बन्नी एकानं दिली, दुसऱ्यानं घेतली, की मागचं सगळं मिटलं. मग उकरायचं नाही. घेणाऱ्यानं दिवाळीच्या आत उलट देणाऱ्याच्या घरी बन्नी घेऊन जायचं, की झालं पक्कं. त्यामुळं ज्यांना भांडण मिटवायचं नसेल ते त्या संध्याकाळी एकमेकांच्या समोरच यायचे नाहीत. गावात अशी दोन-चार कर्तबगार माणसं होती की आपली भांडणं शाबूत राहावीत म्हणून दसऱ्याला दारं लावून घरात बसायची.

आम्ही दरवर्षी बन्नीला गावी जायचो. वहिनी यायची नाही. त्या गावात तिनं पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं. त्या वर्षी मी, आई आणि मामा गेलो. गावाबाहेर झाडाची पूजा झाली. म्हातारी माणसं रांगेत उभी राहिली आणि आम्ही धाकटे बन्नी देत सुटलो. माझी एक पद्धत होती आणि मला तिचा अभिमान होता. प्रत्येकापुढं वाकून पुन्हा ताठ व्हायचं, यात फार वेळ जातो. मी एकदा वाकलो की रांग संपेपर्यंत वर यायचो नाही. खाली बघत, पायांवरून पायांवर, खेकड्यासारखा. आणि माणसं मला पायांवरून ओळखू यायची. हे गौडाचे, म्हणजे गावच्या पाटलाचे, सुजलेले. हे शाळामास्तरांचे, नखं कापलेले. हे आमच्या मामाचे, अंगठा वर. रांग संपली असं वाटलं तेवढ्यात जरा बाजूला, मागं, आणखी दोन पाय दिसले. टाचांना भेगा, बोटांत चुना. हे कुणाचे ते कळेना. पण दसऱ्याला पाय दिसले की वाकायचं. मी सरकलो, वर हात करून बन्नी दिली, पाया पडलो आणि खणखणीत म्हणालो, "बन्नी तगोंडु बंगारधंग इरोण."

वरच्या हातानं बन्नी घेतली. माझ्या मानेवर एक गरम थेंब पडला. मी वर बघितलं. काका.

त्याची आई आजारी होती म्हणून तो सुटल्यापासून पहिल्यांदा गावी आला होता. कुणाच्या समोर येऊ नये म्हणून रांगेच्या मागं उभा होता. त्याच्या हातात बन्नी नव्हती. कुणाला द्यायची हिंमत नव्हती. आणि मी, त्याला मारायची शपथ घेतलेला माणूस, एवढ्या रांगेतून सरकत सरकत खास त्याच्यापर्यंत गेलो होतो.

गौड म्हणाले, "झाली बन्नी."

मी सुधारायचा प्रयत्न केला. माझं आयुष्यभर हेच झालंय, चूक होते तेवढी कमी पडते आणि मग मी सुधारायला जातो. "काका," मी म्हणालो, "ती चुकून दिली. ती परत द्या. दुसरी देतो." दुसरी देतो असं मी का म्हणालो, देव जाणे. काकानं बन्नी सदऱ्याच्या खिशात ठेवली होती आणि खिशावर हात दाबून धरला होता, जसा चिंधीत बांधलेला पैसा पोरं धरतात.

मामा बोलला. लेका, म्हणाला, तुला कोयता दिला होता तो कुठाय? मी म्हणालो, घरी. उद्या खोबऱ्याच्या पोळ्या आहेत, नारळ लागेल. जवळ उभ्या असलेल्या बायकांत कुणीतरी हसलं आणि तोंडाला पदर लावला. मी तोंडाला पदर लावणारीकडं बघितलं. आई होती.

मी देवळात पुजाऱ्याकडं धावलो. चुकून दिलेली बन्नी धरतात काय? पुजारी म्हणाला, चुकून पाय मोडला तर तो मोडत नाही काय? मग माझ्या शपथेचं काय? शपथ बुडाली, म्हणाला, देवीच्या दिव्याला तेल घाला. मी मागं वळलो तर आई तेलाची बाटली घेऊन उभी. ती बाटली तिनं याच वर्षी धारवाडहून आणली होती की दरवर्षी आणत होती, मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या सकाळी अळनावरच्या बाजारात तिनं मला चपला घेतल्या. त्याही चावत होत्या. मामा आमच्याबरोबर परत आला नाही. त्यानं कोयता परत मागितला. आईनं तो दिला नाही.

धारवाडला पोचलो तेव्हा वहिनी चुलीपुढं बसली होती. परातीत भाकरी थापत होती. आई मागं रिक्षावाल्याशी घासाघीस करत राहिली, मी आत गेलो. वहिनीनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं. थापणारा हात थांबला.

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पायात चप्पल, याचा अर्थ त्या घरात एकच होता.

"मारलंत?" वहिनी म्हणाली.

तिला आनंद होईल असं मला कधीकाळी वाटलं होतं. तिचा चेहरा परातीतल्या पिठासारखा झाला.

"मग आता मला कोण सांगणार, भावजी?" ती म्हणाली. "तेवढा एकच माणूस होता तिथं."

मी घाईघाईनं सांगितलं, नाही, मारलं नाही, जिवंत आहे, ठणठणीत आहे, मी त्याला बन्नी दिलीय. चुकून. तव्यावरची भाकरी करपत होती. तिनं ती उलटली नाही. म्हणाली, "तुमचा भाऊ होता, तुमच्या वाटणीचं तुम्ही दिलंत. माझ्या वाटणीचं कसं दिलंत? मला विचारलं होतं काय कुणी? मारायला निघालात तेव्हा विचारलं नाहीत, देतानाही नाही."

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेना. ताट वाढायची, बोलायची नाही. इतकी वर्षं तिच्या नवऱ्याचा सूड मी वाहत होतो आणि तिला काय हवं ते मी एकदाही विचारलं नव्हतं. आताही, तिनं तोंडानं सांगितल्यावरसुद्धा, मला उमगलं नाही. बेडकाला उमगलं असतं. माझ्या डोक्यात एवढंच आलं की काका रिवाजाप्रमाणं बन्नी घेऊन दारात येईल, आणि त्याला बघून वहिनीला काय वाटेल. तेव्हा त्याला येऊ नको म्हणून सांगितलं पाहिजे.

पुन्हा अमरगोळ. या वेळी काका लगेच दिसला. पाठीवर पोतं होतं. पाठीवर पोतं असलेल्या माणसाला दम देता येत नाही, म्हणून मी त्याच्या बरोबरीनं चालत राहिलो. त्यानं पोतं टाकलं, घाम पुसला आणि हात जोडले. मी म्हणालो, काका, एक सांगायचं होतं. तो म्हणाला, सांगा. मी म्हणालो, ते बन्नीचं. तो म्हणाला, येणार आहे, पण घर ठाऊक नाही, कुठं राहता? आणि माझ्या तोंडानं, जे तोंड घेऊन मी जन्माला आलो त्या तोंडानं, सवयीनं सांगितलं, "मळमड्डीत, पिठाच्या गिरणीच्या मागं. पोस्टापाशी उतरा, लांब पडत नाही." एवढंच नव्हे, रविवारी सगळे घरी असतो, हेही सांगितलं. बसमध्ये बसल्यावर मला आठवलं की मी त्याला येऊ नका म्हणायला गेलो होतो.

रविवारी सकाळी तो आला. धुतलेला सदरा, हातात बन्नीची डहाळी, पानं वाळायला लागलेली. मी दार लावायला उठलो. वहिनी चुलीपासून म्हणाली, "राहू दे, भावजी." कित्येक दिवसांत माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. आई उठून आतल्या खोलीत गेली आणि दाराकडं पाठ करून बसली.

वहिनी हात न धुता बाहेर आली. हाताला पीठ तसंच. काका अंगणात उभा होता. तिनं त्याला बस म्हटलं नाही.

"त्या दिवशी ते उपाशी गेले होते," ती म्हणाली. "माझ्यावर रागात होते काय?"

काका तिच्याकडं बघत राहिला. मला वाटतं खून का केलास, हे विचारतील अशी त्याची तयारी होती. कोर्टात तेच विचारलं होतं, गावानं तेच विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं.

"नाही पोरी," तो म्हणाला. "मी बांधावर भाकरी सोडून बसलो होतो. तो आला, तोंड पडलेलं. म्हटलं, जेवलास काय रे? म्हणाला, बायकोशी भांडून आलोय काका, आणि चूक माझीच होती. आता घरी जाऊन तिला सांगू कसं, ते सांगा. मी म्हटलं, आधी खा. अर्धी भाकरी दिली त्याला. खाल्ली. म्हणाला, तुमच्या घरची भाकरी जाड. आमची पापडासारखी करते. हसला."

"मग?"

"मग मी फांदी तोडायला उठलो."

गिरणी चालू होती. मी काहीतरी करावं म्हणून तांब्या भरून आणला होता. तो कुणाला द्यायचा ते न कळून मी स्वतःच प्यायलो.

"पुन्हा सांगा," वहिनी म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितलं. हसला, इथपर्यंत आला की ती त्याला थांबवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावायची. तो सांगायचा. त्याचा आवाज जात चालला होता, तरी सांगायचा.

"अर्धीच दिलीत?" तिनं शेवटी विचारलं.

"माझ्याजवळ एकच होती पोरी."

मग त्यानं डहाळी पुढं केली. वहिनीनं ती बघितली. हाताला लागलेलं पीठ बोटांनी काढत उभी राहिली. "आज नको," म्हणाली. "पुढच्या दसऱ्याला बघू." आणि आत जाऊन भाकऱ्या थापायला बसली. तो गेल्यावर आई बाहेर आली. तिनं मला एवढंच विचारलं, त्याची आई कशी आहे ते विचारलंस काय? मी विचारलं नव्हतं. मग मला त्याच्या मागं पोस्टापर्यंत पळावं लागलं.

पुढच्या दसऱ्याला तो आला. वहिनीनं त्याच्याकडून सगळं पुन्हा ऐकलं आणि म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मामाचा राग तोवर निवळला होता; तो म्हणायचा, खरा सूड पोरगीच घेतेय, तुला जमलं नाही. मला तसं वाटत नव्हतं. ती दरवर्षी त्या सकाळची वाट बघायची. अण्णा तिच्याबद्दल चांगलं बोलला, हे जगात एकाच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळत होतं. डहाळी घेतली की तो यायचा थांबेल, अशी तिला भीती असावी. हा आपला माझा अंदाज. माझ्या अंदाजांचं काय होतं ते तुम्ही वाचलंच आहे.

अशीच वर्षं गेली. काकाला पोतं उचलवेनासं झालं, तो गावी जाऊन राहिला. एका दसऱ्यानंतर वहिनीनं मला सकाळी कोथिंबीर आणायला पाठवलं. मार्केटात मला कॉलेजातले जुने सर भेटले, बेडकाचा विषय निघाला, तो लवकर संपत नाही. परत आलो तर काका ओसरीवर जेवायला बसलेला. पुढं वहिनी तव्यावरची भाकरी वाढतेय. तो म्हणतोय, अर्धीच घाल पोरी, आता पचत नाही. ती म्हणतेय, अख्खी खायची. कोनाड्यात देवापुढं बन्नीची डहाळी.

इतकी वर्षं ज्या घटकेची मी वाट बघितली, ती मी कोथिंबिरीच्या पेंढीचा भाव करत असताना होऊन गेली होती. तिनं काय म्हटलं, तो रडला काय, आई कुठं होती, मला काहीच दिसलं नाही. मी दारात उभा राहून विचारलं, "वहिनी, बन्नी घेतलीत?"

"घेतली," ती म्हणाली. "त्यात काय बघायचंय? कोथिंबीर कुठाय?"

कोथिंबीर मी सरांच्या हातात धरायला दिली होती, आणि ती तशीच त्यांच्याबरोबर गेली होती.